स्थिर वस्तू

आपल्याच घराबाहेर उभे राहून, आपल्याशिवाय ते घर कसे असते याची नोंद होईपर्यंत ताटकळण्याची वेळ श्रीनिवास नेर्लेकरांवर त्र्याहत्तराव्या वर्षी आली. पंखे बंद केले होते, पडदे बांधले होते आणि दार ओढून घेतले होते. जिन्याच्या चौकात ते, त्यांच्या पत्नी शशिकलाबाई आणि नेट जोडायला आलेली रेश्मा मुल्ला अशी तिघे उभी होती. रेश्माची नजर हातातल्या टॅबवर होती.

"आत चाललंय तरी काय एवढं?" शशिकलाबाईंनी विचारले.

"राउटर घर पाठ करतोय, काकू. रिकामं घर. कपाट कुठं, पलंग कुठं, फ्रीज कुठं. आधी सामान शिकायचं, मग माणसं."

"म्हणजे आम्ही गेल्यावर घर कसं दिसेल ते आधीच बघून ठेवतोय म्हण की."

"शशी," नेर्लेकर पुटपुटले.

"काय पण बोलताय काकू!" रेश्मा हसली. टॅब टुणकन वाजला. "झालं. चला आत. एकेकानं यायचं हं, एकदम नाही."

सांगलीच्या विश्रामबागेतले हे पहिल्या मजल्यावरचे तीन खोल्यांचे घर. मुलगा निनाद बेंगळुरूला एका बँकेत होता. त्यानेच हा राउटर घेऊन पाठवला होता. 'सोबत' असे त्याचे नाव. दोन हजार छत्तीस साली म्हाताऱ्यांच्या घरी असे डबे बसवणे ही काही नवलाई राहिली नव्हती. पूर्वीचा राउटर फक्त नेट देई, हा नेटही देई आणि घरात कोण कुठे आहे, पडले का, श्वास कसा चालला आहे, तेही पाही. त्याला कॅमेरा नव्हता. निनादने फोनवर तीनतीनदा सांगितले होते, "आई, कॅमेरा नाही त्यात. कोणी बघत नाही तुला."

"मग कळतं कसं त्याला?" शशिकलाबाईंनी हा प्रश्न आता रेश्माला विचारला.

रेश्माने मोरीतली पाण्याने भरलेली बादली ओढून पुढे घेतली आणि पाण्यावर बोट टेकवले. "बगा, ही लाट निघाली. काठाला आपटून परत आली. आता तुमी हात घाला मधी." शशिकलाबाईंनी हात घातला. "आता बगा, लाटा वेगळ्या येतात. हातानं अडवल्या. राउटर अशाच लाटा सोडतोय, दिसत नाहीत इतकंच. परत आलेल्या लाटा मोजायच्या आणि मधी काय हाय ते ओळखायचं. तुमी बोट हलवलं तरी कळतंय."

नेर्लेकरांना ते पटले. पुढे त्यांनी त्याविषयी बरेच वाचले. माणसाचे शरीर म्हणजे बरेचसे पाणीच, ते रेडिओलहरींना अडवते आणि वाकवते. श्वास घेताना छाती अर्धा सेंटिमीटर वर येते आणि तेवढ्याने परत येणारी लहर किंचित मागेपुढे होते. यंत्र सेकंदाला शेकडो वेळा हा फरक टिपते. पण घरात लहरी परतवणाऱ्या वस्तू हजार असतात. भिंती, भांडी, गोदरेजचे कपाट. त्या गलक्यातून एक श्वास वेगळा काढायचा, तर जे बदलत नाही ते सगळे आधी वजा करावे लागते. म्हणून रिकाम्या घराची ती नोंद. वजाबाकी करून जे उरते, ते माणूस.

नेर्लेकर दारातून स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले, बसले, उठले, आडवे झाले. डब्यावरच्या छोट्या पट्टीत अक्षरे उमटली : 'घरात १'. मग शशिकलाबाई चालल्या. 'घरात २'.

"हे काका व्यक्ती एक आणि तुमी व्यक्ती दोन," रेश्मा म्हणाली.

"लग्नात नाव बदललं, आता आकडा मिळाला. प्रगती आहे."

"आता पासवर्ड बदलूया. डब्यावर छापलेला सगळ्या डब्यांना एकच असतोय. पलीकडच्या कॉलनीत दोन घरं फुटली की त्यापायी. चोरांनी गाडीत बसूनच बघितलं, 'घरात शून्य'. मग निवांत कुलूप तोडलं. जन्मतारीख नको, मुलाचं नाव नको. एकमेकांशी काय संबंध नाही असे चार शब्द सांगा."

नेर्लेकर विचारात पडले. ज्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही असे शब्द त्यांना सुचेनात. सदतीस वर्षे त्यांनी शालेय पुस्तकांची मुद्रिते तपासली होती. दोन शब्द शेजारी आले की त्यांचे नाते काय, हेच पाहण्यात जन्म गेला होता.

"ओवा, रिक्षा, मोजे, तहसीलदार," शशिकलाबाई म्हणाल्या. "घाल गं."

"तहसीलदार. सी दीर्घ," नेर्लेकर म्हणाले.

"बघितलंस? चोराला पकडतील, पण आधी त्याचं शुद्धलेखन तपासतील."

तिघेही हसली. त्या घरात एवढे मोकळे हसू त्यानंतर झाले नाही.

*

सातव्या दिवशी डबा पहिल्यांदा वाजला. दुपारी शशिकलाबाई निजल्या होत्या. शिटीसारखा बारीक, चढत जाणारा आवाज. पट्टीवर अक्षरे आली : 'व्यक्ती २. श्वास मंद.' नेर्लेकर धावले. त्यांनी हाक मारली, खांदा हलवला. शशिकलाबाई दचकून जाग्या झाल्या.

"काय झालं?"

"तुझा श्वास..."

"चाललाय की."

दोन दिवसांत तसे चारदा झाले. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि कागदावर हृदयाचे चित्र काढून त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर रेघ मारली. ताकद एवढी उरली आहे. म्हणून झोपेत श्वास हळू होत जातो, थांबल्यासारखा होतो आणि मग दचकून पुन्हा सुरू होतो. अशा वेळी जागे करून उठवून बसवले की बहुतेकदा सावरतो. औषधे चालू ठेवा. नाकावर लावायचे यंत्र मिळते, ते लावून झोपा.

यंत्र शशिकलाबाईंनी एक रात्र लावले आणि परत करायला लावले. ते देऊन आल्यावर रिक्षातून उतरताना त्यांनी नवऱ्याचा दंड धरला.

"अहो, एक ऐका. निनादला यातलं काही कळवायचं नाही."

"शशी, असं कसं?"

"तो मला उचलून नेईल. अकराव्या मजल्यावर. खाली उतरायला लिफ्ट, भाजीला फोन, बोलायला कोणी नाही. सून म्हणावी तर पल्लवीही नाही आता. तिथे मी महिन्यात मरेन. इथे वर्ष काढीन, दीड वर्ष काढीन. ते माझ्या घरात काढू द्या."

नेर्लेकरांनी मान हलवली. ते नाही म्हणणारे गृहस्थच नव्हते. छापखान्यात त्यांना 'प्रश्नचिन्ह' म्हणत. चूक स्पष्ट दिसत असली तरी ते ती सहसा दुरुस्त करत नसत. समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढून लेखकाकडे पाठवत. आपल्यालाच काही ठाऊक नसेल, ही शक्यता त्यांना नेहमी जास्त खरी वाटे.

पण डब्याचा मालक निनाद होता. नोंदणी त्याच्या नावावर होती आणि घराचे सगळे चित्र बेंगळुरूला त्याच्या फोनवर दिसत होते. त्याचे दोन फोन येऊन गेले होते. "आईचा श्वास मंद असं का दाखवतंय?" नेर्लेकरांनी "सर्दी आहे" असे सांगून वेळ मारून नेली होती.

"माझ्या घराचा मालक बेंगळुरात?" शशिकलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी रेश्माला बोलावून घेतले.

रेश्माने डब्याच्या पाठीवरच्या बारीक भोकात सुई घालून दहा आकडे मोजले. दिवे विझले, पुन्हा लागले. नव्याने नोंदणी झाली. मालक : श्रीनिवास नेर्लेकर. नवा पासवर्ड पुन्हा शशिकलाबाईंनीच सुचवला. या वेळी त्यांनी तो मोठ्याने सांगितला नाही, कागदावर लिहून दिला.

पंधरा मिनिटांत निनादचा फोन आला. "बाबा, माझ्याकडचं चित्र गेलं."

"लाइट गेली होती."

"मग आली ना? तुमचा फोन चालू आहे की नेटवर."

नेर्लेकरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "निनाद, तुझ्या आईला आवडत नाही ते. ती मोरीत किती वेळा जाते हे तुला दिसतं, त्याचं तिला वाईट वाटतं."

"ठीक आहे. पण आठवड्याचा अहवाल तरी येऊ दे. इशारे किती वाजले, एवढंच. बाकी काही नको मला. बाबा, मी इतक्या लांब बसून दुसरं काय करू?"

तेवढे मान्य करावेच लागले.

*

आता अडचण अशी झाली की अहवाल जाणार म्हणजे मंद श्वासाचा प्रत्येक इशारा निनादपर्यंत पोहोचणार. अहवाल थांबवता येत नव्हता, पण एखादा इशारा मुळातच बंद करता येत होता. शिवाय त्या शिटीने शशिकलाबाईंची झोप उडू लागली होती. डोळा लागला की शिटी, दचकून उठायचे, छाती धडधडायची. "तो डबा मला मारणार आधी," त्या म्हणाल्या. "बंद करा हो ते."

नेर्लेकर डब्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका घेऊन बसले. एका बाजूने इंग्रजी, उलटी धरली की मराठी. मराठी यंत्राने केलेली होती हे पहिल्या पानावरच कळत होते. त्यांनी पेन्सिल घेतली. सवयच ती.

"ऐक," त्यांनी बायकोला वाचून दाखवले. "'हे यंत्र पाण्याजवळ ठेवावे. ओल्या हाताने स्पर्श करावा.'"

"मग काय, मोरीत बसवू?"

त्यांनी 'ठेवावे'चे 'ठेवू नये' केले, 'करावा'चे 'करू नये'. पुढच्या पानावर 'अनोळखी व्यक्तीस पासवर्ड द्यावा' होते, तेही सुधारले. भाषांतर करणाऱ्या यंत्राला नकार कळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. जिथे 'नाही' हवा तिथे ते तो गाळते. तेविसाव्या पानावर त्यांना हवा होता तो मजकूर सापडला :

'श्वासोच्छ्वास मंद झाल्यास सोबत इशारा देते. श्वासोच्छ्वास बंद झाल्यास इशारा देत नाही. पूर्ण स्थिर वस्तू घरसामानात गणली जाते.'

नेर्लेकर हसले. मंद झाला तर ओरडणार आणि बंद झाला तर गप्प बसणार? असे यंत्र कोणी करील का? आतापर्यंत नकार गाळत आलेल्या गाढवाने इथे नको तिथे घुसडला होता. त्यांनी 'देत नाही'वर रेघ मारली आणि वर स्वच्छ अक्षरात 'देते' लिहिले. तिसरे वाक्य इथले नव्हेच. ते मागच्या पानावरच्या कपाट आणि पलंगाच्या मजकुरातले, छपाईत खाली घसरलेले. त्याला वर्तुळ करून त्यांनी बाण काढला, मागे न्यावे.

समासात प्रश्नचिन्ह काढले नाही. पुस्तिका उलटून इंग्रजी बाजूही पाहिली नाही. मूळ प्रत पाहिल्याखेरीज अर्थाला हात लावू नये, हे त्यांनी छापखान्यातल्या किती नवशिक्यांना शिकवले होते.

"शशी," ते म्हणाले, "मंदचा इशारा बंद करतो. थांबल्याचा राहीलच."

"थांबल्यावर वाजून काय उपयोग?"

"डॉक्टर काय म्हणाले? थांबल्यासारखा होतो आणि पुन्हा सुरू होतो. तेवढ्यात मी पोचेन. दहा पावलांवर तर असतो."

शशिकलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. "तुम्ही आज अगदी ठामपणे बोलताय हं."

त्यांना बरे वाटले. आपल्या फोनवर त्यांनी ते बटण सरकवले. त्या आठवड्यात निनादला गेलेल्या अहवालात इशारे शून्य होते. त्याचा फोन आला, त्याच्या आवाजावरचा ताण उतरला होता. शशिकलाबाई दुपारी सलग दोन तास झोपू लागल्या. तीन आठवडे घर सुखात होते.

*

गुरुवारी जेवणे झाल्यावर शशिकलाबाई म्हणाल्या, "मी जरा पडते. चारचा चहा आज तुम्ही टाका. आलं किसून ठेवलंय."

त्यांनी खोलीचे दार लोटून घेतले. नेर्लेकर पुढच्या खोलीत एका निवृत्त मास्तरांच्या पुस्तकाची मुद्रिते घेऊन बसले. कृष्णाकाठच्या झाडांची माहिती होती. मास्तरांना ऱ्हस्वदीर्घाचे वावडे होते, त्यामुळे काम भरपूर होते.

सव्वातीनला ते पाणी प्यायला उठले. जाता जाता डब्याकडे नजर गेली. 'घरात १'.

म्हणजे ही खाली पटवर्धन वहिनींकडे गेली. केव्हा गेली? दार वाजलेले त्यांना आठवेना. पण मुद्रिते वाचताना त्यांना काहीच ऐकू येत नसे. शशी त्यावरून त्यांना चिडवायची की, उद्या घर उचलून नेलं तरी तुम्ही वेलांटी शोधत बसाल. ते पाणी प्यायले, पेला उपडा घातला आणि पुन्हा जाऊन बसले. लोटलेल्या दारावरून जाताना ते क्षणभर रेंगाळले, पण दार ढकलले नाही. आत कोणी नव्हते ना.

चारला त्यांनी चहा टाकला. दोन कपांत गाळला. एकावर बशी झाकली. साडेचारला पटवर्धन वहिनींना फोन केला.

"नाही हो भावजी, आज नाही आल्या त्या."

नेर्लेकर जिना उतरले. वाण्याकडे विचारले. कोपऱ्यावरच्या दत्ताच्या देवळात पाहून आले. औषधाच्या दुकानात विचारले. उन्हात एकटी बाहेर पडली, चक्कर आली असेल, कुठे तरी पायरीवर बसली असेल. ते जवळजवळ पळत होते. आपल्या पायांत चपला नाहीत हे त्यांच्या लक्षात आले तेव्हा ते बागेच्या फाटकापाशी पोहोचले होते. माळ्याला त्यांनी विचारले, "निळ्या साडीतल्या बाई पाहिल्यात का? उंच आहेत. चष्मा आहे." माळी म्हणाला, नाही काका.

घरी परत आले. तिची पिशवी खुंटीला आहे का ते पाहावे, म्हणून त्यांनी खोलीचे दार ढकलले.

शशिकलाबाई कुशीवर निजल्या होत्या. एक हात गालाखाली होता. नेर्लेकरांनी हाक मारली, मग खांद्याला हात लावला आणि तो हात त्यांना उचलता येईना.

बाहेर भिंतीवरच्या पट्टीत 'घरात १' असेच लिहिलेले होते. डबा त्यांना मोजत होता.

*

निनाद दुसऱ्या दिवशी आला. सगळे विधी त्याने गप्प राहून केले. पाचव्या दिवशी मात्र त्याने एजन्सीला फोन करून बोलावून घेतले. एजन्सीचे मालक डांगे आले, बरोबर रेश्मा. तिने टॅब छातीशी धरला होता आणि डोळे सुजलेले होते.

"एक माणूस घरात मरून पडतं," निनाद म्हणाला, "आणि तुमचं मशीन आकडा कमी करून मोकळं होतं? माझे वडील रस्त्यावर अनवाणी शोधत फिरले आणि ती आत होती! कशासाठी घेतलं होतं मी हे?"

"साहेब, यंत्राची चूक नाही," डांगे घाम पुसत म्हणाले. "न हलणारी वस्तू ते सामान धरतं. श्वास बंद झाला की त्याला माणूस दिसतच नाही. पुस्तिकेत लिहिलंय तसं. म्हणून तर मंद श्वासाचा इशारा असतो. तो आधी वाजायला पाहिजे होता."

"मग वाजला का नाही?"

डांगे रेश्माकडे वळले. "जोडणी हिची आहे. मी आजच हिला कामावरून बंद केलंय, साहेब. तुम्ही म्हणाल तर लेखी देतो."

"वाजला का नाही?" निनादने आता रेश्माला विचारले.

रेश्मा टॅबकडे पाहत होती. "अकरा मिनिटं श्वास मंद होता. दोन सत्तेचाळीस ते दोन अठ्ठावन्न. इशारा बंद होता."

"कोणी बंद केला?"

टॅबवर ते लिहिलेले असणार, हे नेर्लेकरांना ठाऊक होते. दिनांक, वेळ, मालकाचे नाव. रेश्माने मान वर करून एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि टॅब मिटला.

"बघायला लागंल," ती म्हणाली. "जोडताना माझ्याकडनंच ऱ्हायलं असंल."

"असंल म्हणजे? असंल म्हणजे काय!" निनाद ओरडला.

नेर्लेकर कोपऱ्यात सतरंजीवर बसले होते. गप्प राहिले असते तर ते प्रकरण तिथेच मिटले असते. निनादचा राग कंपनीवर गेला असता, या मुलीवर गेला असता आणि त्यांच्या वाट्याला सहानुभूती आली असती. आयुष्यभर अशाच जागी ते गप्प बसत आले होते. ते भिंतीला हात धरून उठले, टेबलाच्या खणातून पुस्तिका काढली, तेविसावे पान उघडले आणि निनादच्या हातात दिली.

"मी बंद केला."

निनादने पान वाचले. रेघ पाहिली, वर लिहिलेले 'देते' पाहिले, बाण पाहिला. मग पुस्तिका उलटी करून इंग्रजी बाजूचे तेच कलम शोधून काढले. त्याचे ओठ हलत होते.

"इथे तर स्वच्छ लिहिलंय."

"ते पान मी उघडलं नाही."

"का बंद केलात?"

"तुला कळू नये म्हणून. तिची इच्छा होती. तिला बेंगळुरूला यायचं नव्हतं."

"डॉक्टरांकडे गेला होतात?"

"हो."

"मला सर्दी सांगितलीत."

नेर्लेकरांनी मान हलवली.

"दोन सत्तेचाळीसला तुम्ही कुठे होतात?"

"या खोलीत. इथेच."

"काय करत होतात?"

"मुद्रितं वाचत होतो."

निनादने पुस्तिका मिटून टेबलावर ठेवली, फार सावकाश, ती काचेची असावी तशी. डांगे घसा खाकरून म्हणाले, "बरं, मग आम्ही निघतो."

"हिचं काम?" नेर्लेकर म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढला की रेश्मा दचकली. "हिचं काम राहिलं पाहिजे. हिची काही चूक नाही."

"राहील, राहील. तसं काही नाही काका."

दारात रेश्मा थांबली. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि ती जिना उतरून गेली.

*

तेराव्यानंतर निनाद त्यांना बेंगळुरूला घेऊन गेला. घर बंद करताना त्याने डबा भिंतीवरून काढला नाही, फक्त मुख्य बटण बंद केले.

अकराव्या मजल्यावरच्या घरात निनाद एकटाच राहत असे. पल्लवी आणि तो वेगळे होऊन तीन वर्षे झाली होती. तिथे 'सोबत'चे नवे, चपटे यंत्र होते. मालक निनाद. पहिल्याच दिवशी त्याने वडिलांना खोलीत चालायला, बसायला, आडवे व्हायला सांगितले. मंदचा इशारा चालू केला. मिनिटाला सहापेक्षा कमी श्वास, सलग दोन मिनिटे, की शिटी.

तो वाईट वागत नव्हता. औषधे डबीत वाराप्रमाणे भरून ठेवी. नेर्लेकरांना पालेभाजी आवडते म्हणून स्वयंपाकाच्या बाईंना सांगून करवून घेई. सकाळी जाताना म्हणे, "जेवण टेबलावर आहे." संध्याकाळी आल्यावर म्हणे, "फिरून आलात?" वाक्ये सगळी नीट होती. त्यांत काय कमी आहे हे नेर्लेकरांच्या लक्षात यायला महिना लागला. पुस्तिका हातात दिली त्या दिवसापासून निनादने त्यांना एकदाही 'बाबा' म्हटले नव्हते. वाक्याच्या आधी नाही, नंतर नाही. पूर्वी त्याचे एक वाक्य त्या शब्दाशिवाय होत नसे.

त्यांनी त्याबद्दल विचारले नाही. काय विचारणार होते? मागायचा तरी हक्क कुठे होता?

एका रविवारी दुपारी त्यांना गाढ झोप लागली. स्वप्नात शिटी वाजत होती. मग ती स्वप्नात नाही असे जाणवले, आणि पाठोपाठ अनवाणी पावले धावत आली, दार भिंतीवर आपटले.

"बाबा! बाबा!"

निनाद पलंगावर गुडघा टेकून वाकला होता. त्याचा तळहात त्यांच्या छातीवर पसरलेला होता, गरम.

"जागा आहे रे," नेर्लेकर म्हणाले.

निनादने हात काढून घेतला. मग शिटी बंद करून बाहेर गेला. संध्याकाळी म्हणाला, "चहा ठेवलाय."

पुढचा रविवार शिटीविना गेला आणि त्याच्या पुढचाही. बाहेरच्या खोलीत निनाद लॅपटॉप घेऊन बसलेला असे, मधूनमधून कळा वाजत.

त्यानंतरच्या रविवारी जेवून नेर्लेकर पलंगावर उताणे पडले. दोन्ही हात अंगाशी नीट ठेवले. पंखा बंद होता. त्यांनी श्वास घेतला आणि सोडता सोडता मनात बारा आकडे मोजले. पुन्हा घेतला, पुन्हा बारा. छातीत कळ येऊ लागली, डोळ्यांत पाणी आले, पण त्यांनी घाई केली नाही. एक मिनिट झाले. मग आणखी थोडा वेळ.

शिटी वाजली. बाहेर खुर्ची मागे सरकली. पावले आली आणि दारात थांबली.

"बाबा?"

त्यांनी लगेच ओ दिली नाही.